बाहेरचा कीबोर्ड जोडलाय की नाही, हे स्क्रिप्टला वारंवार चुकीचं कळतं: कारणं आणि उपाय

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. लिनक्सवर एक छोटी स्क्रिप्ट आहे. बाहेरचा कीबोर्ड जोडला की लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बंद करायचा आणि बाहेरचा काढला की अंगचा पुन्हा चालू करायचा, एवढंच तिचं काम. काही आठवडे ती नीट चालते. मग एके दिवशी बाहेर काहीच जोडलेलं नसताना ती अंगचा कीबोर्ड बंद करते आणि पासवर्ड टाकायलाही काही उरत नाही. तुम्ही दुरुस्त करता. थोड्या दिवसांनी उलटं होतं: समोर धडधडीत कीबोर्ड जोडलेला असतो आणि स्क्रिप्ट म्हणते, एकही नाही. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा शांतता, आणि पुन्हा तिसराच प्रकार.

माझ्या बाबतीत हे आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात घडलं. देणगीत मिळालेल्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं होतं, देवघेव ब्राउझरमधून चालते. त्या लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डावर कधीतरी चहा सांडलेला, त्यामुळे ‘जे’चं बटण मनाला येईल तेव्हा आपोआप दाबलं जातं. वर्गणीदाराच्या नावात मध्येच दहा-बारा ‘जे’ उमटले की ग्रंथपाल बाईंचा सगळा वेळ खोडण्यात जातो. म्हणून बाहेरचा कीबोर्ड लावला आणि तो असेपर्यंत अंगचा बंद राहील अशी स्क्रिप्ट लिहिली. मात्र बाहेरचा कधी दुसऱ्या टेबलावर नेला, तर अंगचा चालू व्हायलाच हवा. ‘जे’सकट का होईना, काम थांबायला नको.

त्यानंतर बाईंचा फोन यायला लागला. “दादा, आज परत टाइप होत नाहीये. वही काढू का?” वाचनालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे हा फोन बहुतेक मंगळवारी सकाळी यायचा, समोर पुस्तकं बदलायला आलेली माणसं उभी असताना. प्रत्येक वेळी कारण वेगळं निघालं, म्हणून एकेक करून लिहितो.

पहिली चूक: ‘केबीडी’ हा शब्द मोजणं

शोधाशोध केली की सगळ्यात आधी सापडणारी युक्ती म्हणजे /प्रोक/बस/इनपुट/डिव्हाइसेस ही फाइल वाचणं. तिच्यात प्रत्येक इनपुट उपकरणाचा एक परिच्छेद असतो. ‘एन’ने सुरू होणाऱ्या ओळीत नाव, ‘पी’च्या ओळीत ते कुठल्या पोर्टावर आहे ते, ‘एच’च्या ओळीत हँडलर्स (त्याच्या घटना हाताळणारे कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, भाग) आणि ‘बी’च्या ओळींत त्याच्या क्षमतांचे आकडे. कीबोर्डाच्या परिच्छेदात हँडलर्समध्ये ‘केबीडी’ दिसतं. मग ग्रेप या शोधण्याच्या आज्ञेने ‘केबीडी’ असलेल्या ओळी मोजायच्या, एकापेक्षा जास्त निघाल्या की बाहेरचा कीबोर्ड आहे असं धरायचं. माझी पहिली स्क्रिप्ट अशीच होती.

ती चुकते, कारण ‘केबीडी’ हे कर्नलच्या कन्सोल हँडलरचं नाव आहे, उपकरणाच्या जातीचं नाही. तो हँडलर फार उदार आहे. बटणांच्या क्रमांकांत २५६ च्या खालचं एक जरी बटण उपकरणाकडे असलं, तरी तो त्याला चिकटतो. पॉवर बटण हे क्रमांक ११६ चं बटण आहे, म्हणून लॅपटॉपचं पॉवर बटणही ‘केबीडी’. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारा ‘व्हिडिओ बस’ही ‘केबीडी’. आवाजाची बटणं असलेला यूएसबी हेडफोनही ‘केबीडी’. इतकंच काय, आतला पीसी स्पीकर, ज्याला एकही बटण नाही, तोही याच यादीत येतो, कारण कन्सोलची घंटा वाजवण्याचं काम याच हँडलरकडे आहे.

ही मोजणी काही दिवस बरोबर वाटते, कारण त्या मशीनवर हा फाजील आकडा कायम तेवढाच असतो. माणूस ‘चारपेक्षा जास्त असेल तर’ असा आकडा बसवून मोकळा होतो. मीही तसंच केलं होतं. मग कर्नलच्या अपडेटमध्ये एखादा ड्रायव्हर वाढतो किंवा कोणी हेडफोन लावतो आणि चाराचे पाच होतात. वाचनालयात वाचकांसाठी ऐकण्याची पुस्तकं सुरू झाली त्या आठवड्यात पहिला फोन आला.

एक्स सर्व्हर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी प्रणाली, तिच्यावरचं ‘एक्सइनपुट लिस्ट’ वापरणाऱ्यांचीही गत याहून वेगळी नाही. तिथेही पॉवर बटण, व्हिडिओ बस आणि एक्स सर्व्हरचा स्वतःचा चाचणीचा कीबोर्ड, सगळे कीबोर्डांच्या खाली दिसतात. तिच्या जागी आलेल्या वेलँडवर तर ती आज्ञा खरी उपकरणं दाखवतच नाही, एक्सवेलँड या मध्यस्थाने उभी केलेली खोटी दाखवते.

दुसरी चूक: १२००१३

दुसरी प्रसिद्ध युक्ती जास्त हुशार दिसते. त्याच फाइलमध्ये ‘बी’च्या एका ओळीत ‘ईव्ही’ आणि पुढे हेक्स (१६ च्या पायावरचा) आकडा असतो. नेहमीच्या कीबोर्डाचा तो १२००१३ येतो, म्हणून तेवढाच शोधायचा. पॉवर बटणाचा ३ येतो, स्पीकरचा ४०००१, त्यामुळे फापटपसारा सगळा गळून जातो. छान वाटतं.

पण हा आकडा काय आहे ते उलगडून पाहा. ती वेगवेगळ्या बिट्सची बेरीज आहे. बिट ० म्हणजे उपकरण घटनांचा संच पूर्ण झाल्याची खूण पाठवतं. बिट १, त्याला बटणं आहेत. बिट ४, ते कच्चा स्कॅनकोड, म्हणजे बटणाचा मूळ हार्डवेअर क्रमांक, तोही सांगतं. बिट १७, त्याला दिवे आहेत, म्हणजे कॅप्स लॉक आणि नम लॉकचे. बिट २०, बटण दाबून धरलं तर अक्षर पुन्हा पुन्हा उमटतं. अक्षरं टाइप करता येतात की नाही याबद्दल यातला एकही बिट काही सांगत नाही.

दिवे नसलेला कीबोर्ड लावा, आकडा १०००१३ होतो. बिनतारी संचात कीबोर्डाच्याच इंटरफेसवर स्क्रोल वगैरे घातलेलं असेल तर बिट २ आणि ३ वाढतात आणि १२००१एफ दिसतो. आमच्याकडे जुना कीबोर्ड बिघडला, कार्यकारिणीतल्या एका काकांनी घरचा आणून लावला आणि स्क्रिप्टच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. अंगचा चालूच राहिला, ‘जे’ उमटत राहिले. या वेळी फोनवर बाई म्हणाल्या, “अहो, नवीन कीबोर्ड लावूनसुद्धा भूत गेलं नाही.”

फाइलींच्या नावावरून ओळखणं

/डेव्ह/इनपुट/ मध्ये ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ असे दोन फोल्डर असतात आणि त्यात ‘केबीडी’ने संपणाऱ्या दुव्यांची नावं असतात. हे आधीच्या दोन्हीपेक्षा बरं, पण अर्धवट. ‘बाय-आयडी’मध्ये यूएसबीचीच उपकरणं येतात, लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड तिथे नसतो, तो ‘बाय-पाथ’मध्ये ‘आय८०४२’ या नावाखाली सापडतो. ब्लूटूथचा कीबोर्ड मात्र या दोन्हींत बहुधा नसतोच. घरच्या मशीनवर, फक्त यूएसबीपुरतं काम असेल तर वापरा.

‘इव्हेंट३’ सारखे क्रमांक मात्र स्क्रिप्टमध्ये कधीच पक्के लिहू नका. ते उपकरणं सापडण्याच्या क्रमाने दिले जातात आणि मशीन पुन्हा सुरू झालं की बदलू शकतात.

नीट ओळख: बटणांचा नकाशा

कर्नलला ‘कीबोर्ड’ नावाची वस्तू माहीत नाही. त्याला एवढंच माहीत असतं की या उपकरणाकडे अमुक अमुक क्रमांकांची बटणं आहेत. तेव्हा प्रश्न तसाच विचारायला हवा: याच्याकडे टाइप करण्याची बटणं आहेत का?

युडेव्ह, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची नोंद ठेवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, हाच प्रश्न विचारतो. बटण क्रमांक १ ते ३१ म्हणजे एस्केप, वरची आकड्यांची ओळ, बॅकस्पेस, टॅब, ‘क्यू’ पासूनची पूर्ण ओळ, एंटर, डावं कंट्रोल आणि ‘ए’, ‘एस’. ही एकतीसच्या एकतीस बटणं असतील तरच तो उपकरणावर ‘आयडी_इनपुट_कीबोर्ड’ अशी खूण लावतो. काही थोडीच असतील तर फक्त ‘आयडी_इनपुट_की’. पॉवर बटण, हेडफोन, व्हिडिओ बस हे सगळे या दुसऱ्या खुणेत अडकतात आणि पहिलीपर्यंत पोचत नाहीत. दिवे आहेत की नाहीत, स्क्रोल आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. वरच्या दोन्ही चुका इथे संपतात.

स्क्रिप्टमध्ये करायचं ते असं: ‘युडेव्हअॅडम इन्फो’ला प्रॉपर्टी विचारायच्या, प्रत्येक ‘इव्हेंट’ फाइलीसाठी एकदा, आणि ती खूण १ आहे का ते पाहायचं. यासाठी रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) असायची गरज नाही. /डेव्ह/इनपुट/ मधल्या फाइली उघडायला रूट किंवा ‘इनपुट’ गटाचं सदस्यत्व लागतं, कारण तिथून दाबलेली बटणं वाचता येतात, पण युडेव्हची नोंदवही आणि /सिस खालची माहिती कोणीही वाचू शकतो. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून स्क्रिप्ट चालवल्यावर ‘परवानगी नाही’ असं येत असेल तर तुम्ही चुकीच्या दारावर उभे आहात. सुडो लावून रूटचे अधिकार घेण्याआधी दार बदला.

युडेव्हच नसेल, उदाहरणार्थ कंटेनरमध्ये किंवा अगदी छोट्या सिस्टिमवर, तर तोच नकाशा स्वतः वाचता येतो. /सिस/क्लास/इनपुट/ खाली प्रत्येक ‘इव्हेंट’च्या ‘डिव्हाइस’मध्ये ‘कॅपॅबिलिटीज’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘की’ नावाची फाइल. तिच्यात हेक्समधले काही आकडे मोकळी जागा सोडून लिहिलेले असतात. सगळ्यात खालची बटणं सगळ्यात शेवटच्या आकड्यात असतात, हे लक्षात ठेवायचं, उलटं वाचलं तर सगळंच फसतं. ओळीच्या अगदी शेवटी सात वेळा ‘एफ’ आणि मग एक ‘ई’ असेल तर एकतीस बटणं पूर्ण भरली. शेलच्या ‘केस’मध्ये ‘काहीही आणि शेवटी ही आठ अक्षरं’ एवढा नमुना पुरतो. ६४ बिटच्या कर्नलवर शेवटचा आकडा सोळा अक्षरांचा असू शकतो, ३२ बिटवर आठचा. पण आपण फक्त शेपटी तपासतो, म्हणून दोन्हीकडे चालतं. शेवटचं अक्षर ‘एफ’ नसून ‘ई’ का, तर क्रमांक ० चं बटण राखीव आहे आणि कर्नल ते उपकरण नोंदवतानाच पुसून टाकतो.

एक कीबोर्ड, तीन नोंदी

ओळख बरोबर आली तरी आकडा चुकू शकतो. आजकालचा एक यूएसबी कीबोर्ड दोन-तीन ‘इव्हेंट’ फाइली तयार करतो: एक मुख्य, एक आवाजाच्या बटणांची, एक झोपवण्या-उठवण्याच्या बटणांची. नावामागे ‘कन्झ्युमर कंट्रोल’ आणि ‘सिस्टिम कंट्रोल’ अशी शेपूट असते ती याचीच. बहुधा यातला एकच पूर्ण कीबोर्ड ठरतो, पण खेळण्यासाठीच्या काही कीबोर्डांत दोन इंटरफेस पूर्ण असतात. म्हणून ‘फिज’ ही माहिती घ्या (उपकरण कुठल्या पोर्टावर आहे ते सांगणारी, वरच्या ‘पी’च्या ओळीतली), तिच्या शेवटचा ‘/इनपुट०’, ‘/इनपुट१’ असा तुकडा कापा आणि उरलेल्यातून एकसारखे वगळा. मग एका पोर्टावरच्या सगळ्या नोंदी एकच धरल्या जातात. ब्लूटूथवर ‘फिज’मध्ये तुमच्याच मशीनचा पत्ता येतो, तिथे उपकरणाचा पत्ता ‘युनिक’ या रकान्यात असतो, तो वापरा.

खरा गुंता: स्कॅनर

हे सगळं झाल्यावर मला वाटलं होतं, संपलं. पुढच्याच मंगळवारी फोन. गेल्यावर पाहिलं तर बाहेरचा कीबोर्ड खरोखर नव्हता, बालविभागाच्या संगणकाला लावायला नेला होता. अंगचा बंद होता. आणि स्क्रिप्टच्या मते एक बाहेरचा कीबोर्ड जोडलेला होता. तो होता बारकोड स्कॅनर.

पुस्तकाच्या पाठीवर लाल उजेड मारणारं ते यंत्र संगणकाला मी कीबोर्ड आहे असंच सांगतं. यात फसवणूक नाही, ती सोय आहे. कुठलाही ड्रायव्हर न लावता, ज्या रकान्यात कर्सर आहे तिथे आकडे उमटावेत आणि मागून एंटर दाबलं जावं, यासाठी ते कीबोर्डाचं रूप घेतं. त्याला लागतात दहा आकडे आणि एंटर, पण ते जाहीर करतं पूर्ण कीबोर्डाचा नकाशा. एकतीसची एकतीस बटणं. युडेव्हची खूण त्यालाही लागते आणि नियमाप्रमाणे ती बरोबरच आहे.

हाच प्रकार इतरही ठिकाणी दिसतो. एकवेळचा पासवर्ड टाइप करून देणारी युबिकीसारखी सुरक्षा-चावी स्वतःला कीबोर्ड म्हणवते. गेम खेळण्यासाठीचे बरेच उंदीर (माउस) मॅक्रोसाठी एक कीबोर्ड इंटरफेस सोबत आणतात. सर्व्हरवर दुरून कन्सोल बघण्याची जी चिप असते ती कायमचा एक आभासी यूएसबी कीबोर्ड लावून ठेवते. आणि स्वस्त बिनतारी उंदराचं डाँगल, संचात कीबोर्ड नसला तरी, कीबोर्डाचा इंटरफेस अनेकदा दाखवतंच.

यांना क्षमतांवरून खऱ्या कीबोर्डापासून वेगळं काढता येत नाही. पुष्कळ प्रयत्न केले, दिव्यांचा बिट, इंटरफेसचा प्रोटोकॉल क्रमांक, नावात ‘स्कॅनर’ शब्द. आमच्या स्कॅनरच्या नावात तो शब्द नव्हताच, ‘यूएसबी कीबोर्ड’ असंच लिहिलं होतं. उरते ती एकच गोष्ट: व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांकांची जोडी. ‘एलएसयूएसबी’ने ती दिसते. एक युडेव्ह नियम लिहायचा, दोन्ही क्रमांक जुळले तर त्या उपकरणावर स्वतःची एक खूण लावायची, आणि स्क्रिप्टने ती पाहायची. युडेव्हची मूळ कीबोर्डाची खूण पुसू नका. तिच्यावर इतरही प्रोग्रॅम अवलंबून असतात.

आता खूण कोणावर लावायची? नको असलेल्यांवर की हव्या असलेल्यांवर? मी आधी स्कॅनरवर ‘हा नको’ अशी खूण लावली. मग विचार केला की उद्या स्कॅनर बदलला, कोणी डाँगल लावलं, तर पुन्हा बाई बिनकीबोर्डाच्या. उलट, आमच्याकडे असलेल्या दोन खऱ्या कीबोर्डांवर ‘हा आपला’ अशी खूण लावली आणि फक्त त्यांच्यासाठीच अंगचा बंद केला, तर अनोळखी काहीही लावलं तरी फार तर काय होईल? ‘जे’ उमटेल. तो त्रास सोसण्यासारखा आहे. टेबलासमोर दहा माणसं उभी असताना टाइपच न होणं सोसण्यासारखं नाही. म्हणून ओळखीच्यांची यादी. ही निवड तुमच्या कामावर ठरते. सार्वजनिक ठिकाणच्या बंदिस्त मशीनवर कोणी कीबोर्ड लावला तर इशारा द्यायचा असेल, तर नेमकं उलटं करा: ओळखीचा स्कॅनर सोडून बाकी सगळ्यांवर संशय घ्या.

आभासी आणि ब्लूटूथ

बटणांची अदलाबदल करणारे ‘कीडी’सारखे प्रोग्रॅम कर्नलमध्ये एक आभासी कीबोर्ड उभा करतात आणि तोही पूर्ण असतो. तो वगळायला बरेच जण /सिस मधल्या खऱ्या वाटेत ‘व्हर्च्युअल’ शब्द शोधतात. थांबा. ब्लूटूथ कीबोर्डही अनेकदा ‘यूएचआयडी’मार्फत (एखाद्या प्रोग्रॅमने कर्नलला उपकरण सादर करण्याची सोय) येतो आणि त्याच्याही वाटेत ‘व्हर्च्युअल’ असतं. वगळायचं असेल तर ‘डिव्हाइसेस/व्हर्च्युअल/इनपुट’ एवढा पूर्ण तुकडा जुळवा, नुसता शब्द नको. बस क्रमांकावरही विसंबू नका. यूएसबी ३, ब्लूटूथ ५, लॅपटॉपचा जुन्या पद्धतीचा अंगचा कीबोर्ड ११ असे ते हेक्समध्ये येतात खरे, पण आभासी कीबोर्ड बनवणारा प्रोग्रॅम तिथे हवा तो क्रमांक लिहू शकतो. अंगचा ओळखायला मात्र तो ११ उपयोगी पडतो. नाव सहसा ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’ असतं.

कधी मोजायचं

मंगळवारचं कोडं इथे सुटलं. सोमवारी मशीन बंद, मंगळवारी चालू, आणि माझी स्क्रिप्ट चालू होताना एकदाच मोजायची. यूएसबीची उपकरणं सापडायला थोडा वेळ लागतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. ‘युडेव्हअॅडम सेटल’ घातलं तरी पुरत नाही. ते रांगेत आलेल्या घटना संपेपर्यंत थांबतं, अजून न दिसलेल्या उपकरणाची वाट पाहू शकत नाही. पाच सेकंद झोपवणं हा तर निव्वळ नशिबाचा भाग.

उपाय म्हणजे उपकरण आलं किंवा गेलं की दर वेळी मोजायचं. युडेव्हच्या नियमात इनपुट उपप्रणाली आणि ‘इव्हेंट’ने सुरू होणारं नाव, या दोन अटी घाला. दुसरी विसरलात तर एकाच नोंदीसाठी स्क्रिप्ट दोनदा चालते. नियमाच्या फाइलीच्या नावातला सुरुवातीचा क्रमांक ६० च्या पुढचा ठेवा, कारण कीबोर्डाची खूण त्याआधीच्या फाइलींत लागते. त्याआधी तुमचा नियम वाचला गेला तर खूण रिकामीच दिसणार. आणि स्क्रिप्टमध्ये ‘आला म्हणून एक मिळवा, गेला म्हणून एक वजा करा’ असं करू नका. एखादी घटना निसटली की हिशेब कायमचा चुकतो. दर वेळी शून्यापासून सगळं मोजा.

युडेव्हच्या ‘रन’मधून लांबलचक काम थेट चालवू नका. घटना संपली की त्याने सुरू केलेल्या प्रक्रिया मारल्या जातात. तिथून फक्त सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या पार्श्वभूमीच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) सेवेला ‘नो-ब्लॉक’ने रीस्टार्ट म्हणायचं आणि काम त्या सेवेत करायचं. नुसतं स्टार्ट नको, कारण आधीची फेरी चालू असताना आलेली घटना मग वाया जाते.

इथे आणखी एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलो. सिस्टिमडी मूळ सेटिंगमध्ये एका सेवेला दहा सेकंदांत पाच वेळाच सुरू होऊ देतो. तीन नोंदींचा कीबोर्ड, स्कॅनर आणि उंदीर एका हबवर असतील आणि हब हलला, तर घटना सहज पाचाच्या वर जातात. सहावी नाकारली जाते, आणि नेमकी शेवटची, खरी परिस्थिती सांगणारी फेरीच होत नाही. जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदींत) ‘रिपीटेड टू क्विकली’ दिसलं तर हेच. सेवेच्या फाइलीत ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ शून्य करा.

अंगचा बंद कसा करायचा

एक्सवर ‘एक्सइनपुट’ने होतं, वेलँडवर नाही. दोन्हीकडे चालणारा मार्ग /सिस/क्लास/इनपुट/ मधल्या त्या उपकरणाच्या ‘इनहिबिटेड’ फाइलीत १ लिहिणं, परत चालू करायला ०. याला रूट लागतं. ही सोय कर्नल ५.११ मध्ये, २०२१ साली आली. डेबियन ११ चा कर्नल ५.१० आहे, म्हणून तिथे ही फाइल सापडणार नाही, डेबियन १२ वर सापडते. जुन्यावर ‘सिरिओ०’ला ‘एटीकेबीडी’ ड्रायव्हरपासून सोडवावं लागतं.

आणि स्क्रिप्टचा क्रम असा ठेवा: पहिल्याच ओळीला अंगचा चालू करा, मग मोजा, मग खात्री झाली तरच बंद करा. मध्ये काहीही बिनसलं, एखादी फाइल सापडली नाही, आज्ञा चुकली, तर मशीन टाइप करता येण्याच्या अवस्थेत राहतं. चाचणी करताना दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत राहा. मी एकदा नव्हतो राहिलो आणि मशीन बटण दाबून बंद करावं लागलं, त्यात बाईंची अर्धी भरलेली नोंद गेली. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते अजून लागून आहे.

कीबोर्ड काढून परत लावल्यावर मराठी मांडणी जाते, अशीही तक्रार याच्यासोबत येते. एक्सवर ‘सेटएक्सकेबीमॅप’ने लावलेली मांडणी त्या वेळी जोडलेल्या उपकरणांपुरती असते, नव्याने आलेल्याला मूळ सेटिंग मिळतं. डेबियनवर मांडणी /इटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड मध्येच लिहून ठेवा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तीच लागते. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट नको.

लिनक्स नसेल तर

फ्रीबीएसडीवर सगळे कीबोर्ड ‘केबीडीमक्स’मध्ये एकत्र होतात, म्हणून कन्सोलकडून विचारलं तर एकच दिसतो. एकेकाची माहिती ‘केबीडीकंट्रोल’ला ‘केबीडी०’, ‘केबीडी१’ अशा फाइली देऊन मिळते आणि आल्या-गेल्याची खबर ‘डेव्हडी’ देतो. ओपनबीएसडीवर ‘डब्ल्यूएसकेबीडी’ मोजा. मॅकवर ‘हिडयुटिल लिस्ट’ला युसेज पेज १ आणि युसेज ६ असं गाळून विचारा, ६ म्हणजे कीबोर्ड आणि ७ म्हणजे नुसतं आकड्यांचं पॅड. स्कॅनर तिथेही ६ च सांगतो.

पुन्हा बिघडलं तर काय बघायचं

‘युडेव्हअॅडम मॉनिटर’ला प्रॉपर्टी दाखवायला सांगा, इनपुट उपप्रणालीपुरतं गाळा आणि कीबोर्ड काढून लावा. काहीच उमटलं नाही तर गडबड केबल, हब किंवा कर्नलपाशी आहे, ‘डीमेसेज’ बघा. घटना आली पण कीबोर्डाची खूण नाही, तर बटणांचा नकाशा वाचा. खूण आहे पण सेवा चालली नाही, तर नियमाच्या फाइलीचा क्रमांक आणि जर्नल. सेवा चालली पण निर्णय चुकला, तर स्क्रिप्टने कोणाला मोजलं ते तिनेच लिहून ठेवलेलं हवं. म्हणून प्रत्येक फेरीत नाव, व्हेंडर, प्रॉडक्ट आणि ‘फिज’ लॉगमध्ये टाका. स्कॅनर पकडला गेला तो त्याच ओळीमुळे.

एक गोष्ट यातल्या कशानेच कळत नाही. बिनतारी कीबोर्डाची बॅटरी संपली तरी त्याचं डाँगल पोर्टात असतं आणि सिस्टिमच्या दृष्टीने कीबोर्ड जोडलेलाच राहतो. तो जिवंत आहे याचा पुरावा एकच, त्यावरून प्रत्यक्ष आलेलं एखादं अक्षर. ‘इव्हेंट’ फाइल ऐकत बसून पहिलं अक्षर आल्यावरच अंगचा बंद करावा, असं लिहिता येईल, आणि स्कॅनर फक्त आकडे पाठवत असल्याने तोही आपोआप बाजूला पडेल. पण त्यासाठी दाबलेलं प्रत्येक बटण वाचणारी प्रक्रिया रूटने सतत चालू ठेवावी लागेल, आणि ज्या मशीनवर लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर टाइप होतात तिथे मला ते ठेवायचं नाही. वाचनालयात आता तारेचेच कीबोर्ड आहेत.